काळ्या रानातलं गाडीचं शेड: कोबा फुगून फुटलाय, भिंतीलाही तडा. भरून घ्यावं की फोडून काढावं?

चिकोडी_रोडची_ताई

नमस्कार मंडळी. आमचं गाव निपाणी-चिकोडी रस्त्यापासून थोडं आत. रान सगळं काळं आणि घराच्या पाठीला लागूनच ऊस. २०१८ साली गाडी आणि पॉवर टिलर ठेवायला मागं शेड बांधलं. आतून १८ फूट लांब, १२ फूट रुंद. नऊ इंची विटांची भिंत, वर पत्रा, पुढं शटर. जोतं जमिनीपासून फूटभर वर. पाया दगडी, अडीच फूट खोल. खोली मला पक्की माहीत आहे, कारण चर खणत होते तेव्हा मामा (म्हणजे सासरे) तिथंच खुर्ची टाकून बसायचे आणि "अजून मुरूम लागला नाही" म्हणून कुरकुरायचे. कंत्राटदाराचं म्हणणं, पत्र्याचं शेड आहे, वर स्लॅब नाही, खोल जाऊन करायचंय काय? चरातनं निघालेली माती आत जोत्यात लोटली, पाणी मारलं, धुम्मस केलं आणि वर चार इंच काँक्रीट ओतलं.

आता बघा कशी अवस्था आहे. शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत एक मोठी भेग गेलीय, नागमोडी. मे महिन्यात तिच्यात माझी करंगळी जाते, गणपतीपर्यंत निम्मी मिटते. भेगेची उसाकडची कड पाऊण इंच वर आलीय, टिलर आत घेताना चाक तिथंच अडतं. बादलीभर पाणी शेडच्या मधोमध ओतलं तर चारी भिंतींकडं पळतं, म्हणजे मध्ये फुगवटा आलाय हे नक्की. पावसाळ्यात शटर अर्ध्यात अडकतं आणि उन्हाळ्यात आपोआप सरळ चालतं.

भिंतीचं दुखणं वेगळ्या बाजूला. उसाच्या विरुद्ध बाजूच्या मागच्या कोपऱ्यात खिडकीपासून जोत्यापर्यंत तिरका, पायऱ्या-पायऱ्यांचा तडा आहे. वरच्या टोकाला रुपयाचं नाणं उभं शिरतं, खाली केसाएवढा. त्या कोपऱ्यापासून आठ-नऊ फुटांवर जुनी निलगिरी आहे.

तिघांना दाखवलं आणि तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्या. एक म्हणतो भेगेत इपॉक्सी भरू. दुसरा म्हणतो आहे त्यावर जाळी टाकून तीन इंच नवीन काँक्रीट करू. संकेश्वरकडचा गवंडी आला, त्यानं बाहेरची माती हातात चोळली, "एरी मण्णू" (कन्नडमध्ये काळी माती) म्हणाला आणि सगळं पाडून पायापासून घ्या असं सांगून चहा पिऊन गेला. यांचं काम पुण्याला, त्यामुळं निर्णय माझ्याच गळ्यात आहे. सगळं पाडायची ऐपतही नाही आणि इच्छाही नाही. भिंत पडेल अशी भीती बाळगावी का, तेही सांगा.

शाहूनगर_बेळगाव

ताई, एवढं टेन्शन घेऊ नका. आमच्या पार्किंगला अशीच भेग होती. ग्राइंडरनं व्ही आकारात खाच मारली, ब्रशनं साफ केली, क्रॅक फिलर भरला. दोन पावसाळे झाले, जागची हललेली नाही. आणि फोडायचंच ठरलं तर खाली दीड-दोन फूट वाळू भरा, वर नवीन कोबा. वाळू फुगत नाही, विषय संपला.

जुना_कालवेवाला

शाहूनगरवाले, तुमचं तुमच्या गावात बरोबर आहे. बेळगाव शहर आणि खानापूरची बाजू म्हणजे तांबडी माती, खाली जांभा. ती माती पाण्यानं फुगत नाही. तिथली भेग बहुतेक काँक्रीट आकसल्याची असते, एकदा पडली की पडली, भरली की काम झालं. ताईंची भेग दर वर्षी उघडते आणि मिटते. एका औषधानं दोन्ही रोग बरे करायला निघालात तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वाळूबद्दल तर स्पष्टच बोलतो. माझी नोकरी कालव्यांवर गेली, मलप्रभेच्या बाजूला. नविलुतीर्थाच्या धरणातून निघालेले कालवे मैलच्या मैल काळ्या मातीतून जातात आणि त्या मातीनं काँक्रीटचं अस्तर फोडून दाखवलंय. मुंबई आयआयटीचे प्रा. कट्टी यांनी या मातीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा निष्कर्ष असा की फुगणाऱ्या मातीवर चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मुरमाचा थर दाबून घातला तर खालची माती ताब्यात राहते. नुसत्या वाळूनं ते होत नाही. वाळूत चिकटपणा नाही, आणि वर ती पाणी धरून ठेवते. चारी बाजूंनी काळी माती आणि मध्ये वाळूचा खड्डा म्हणजे तुम्ही शेडखाली हौद बांधला. कालव्यावर हा थर साधारण मीटरभर जाड घालत. शेडला तेवढा परवडत नाही, पण तत्त्व तेच.

आता ताई, तुमच्या शेडमध्ये दोन भांडणं एकदम चालू आहेत, ती वेगळी करून बघा.

पहिलं फरशीचं. जोत्यात काळीच माती भरली, इथंच घोडं पेंड खाल्लं. वर काँक्रीटचं झाकण बसल्यावर मधल्या मातीतला ओलावा उडून जात नाही, तो साठत जातो आणि मध्य फुगतो. कडेची माती उन्हाळ्यात वाळते आणि खाली बसते. म्हणून मध्ये उंच, कडेला खोल. उसाकडून वर्षभर पाझर आहे, म्हणून ती कड जास्त वर. हातोड्याच्या लाकडी दांड्यानं फरशी ठोकत भिंतीकडं जा. कडेला डबडब आवाज आला तर तिथं काँक्रीट अधांतरी आहे समजा.

दुसरं भिंतीचं. निलगिरी जमिनीतलं पाणी ओढते. त्या कोपऱ्याखालची माती उन्हाळ्यात इतरांपेक्षा जास्त आटते आणि कोपरा खाली उतरतो. तडा वर रुंद आणि खाली बारीक, याचा अर्थ कोपरा बाहेरच्या अंगाला कलतोय. भीती किती धरायची? दोरीला ओळंबा बांधून आतून आणि बाहेरून भिंत तपासा. ओळंब्यात असेल आणि तडा ५ मिलिमीटरच्या आत असेल तर भिंत पडायला आलेली नाही. नाण्याची जाडी त्याच्या बरीच आत येते. १५ मिलिमीटरच्या पुढं गेला, किंवा भिंतीनं ओळंबा सोडला, तर गाडी बाहेर काढा आणि इंजिनिअरला बोलवा. मग फोरमवर विचारत बसू नका.

कुणालाही पैसे द्यायच्या आधी एक बिनखर्चाचं काम करा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं आडवी खूण करा, दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि शेजारी भिंतीवरच तारीख लिहा. फरशीच्या भेगेवरही दोन-तीन जागी तेच. मे अखेर, श्रावणात, दिवाळीनंतर पुन्हा मोजा. अंतर मागंपुढं होत राहिलं तर माती श्वास घेतेय, आणि एकाच दिशेनं वाढत गेलं तर पाया खचतोय. दोन्हीची औषधं निराळी. मधल्या काळात गिलावा करून तडा झाकू नका. सून घरात आहे आणि दिसायला बरं नाही म्हणून पुष्कळ घरांत तेच करतात.

मातीची परीक्षा पण करून घ्या. बारीक चाळलेली सुकी माती १० ग्रॅम, असे दोन भाग. १०० मिलिलिटरच्या एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल, दोन्हीत माती टाकून २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलच्या नळीत माती १० च्या खुणेवर बसली आणि पाण्यातली १६ वर, तर फुगवटा ६० टक्के. पन्नासच्या वर गेली की ती अव्वल फुगणारी माती. भारतीय मानकातली हीच चाचणी आहे, लॅबवाल्याला "फ्री स्वेल" म्हटलं की कळतं.

आता तुमचे तीन सल्लागार. इपॉक्सी दगडासारखी कडक होते. हलत्या भेगेत भरलीत तर ती जागा धरून ठेवेल आणि काँक्रीट वीतभर बाजूला नवीन फुटेल. ती फक्त मेलेल्या भेगेला, जी हलत नाही. जाळी टाकून वर तीन इंच म्हणणाऱ्याला विचारा की खालची माती वरचं तीन इंच बघून घाबरणार आहे का? एकदोन पावसाळ्यांत तीच भेग वर उमटते, आणि शटरची उंची गेली ती गेलीच. संकेश्वरच्या गवंड्यानं मातीची परीक्षा अचूक केली, पण सगळं पाडायची गरज मला दिसत नाही.

माझ्या मते क्रम असा. आधी पाणी, मग थांबणं, मग फरशी. पाया सगळ्यात शेवटी, लागला तर.

पाणी म्हणजे काय ते आधी तुम्ही सांगा. पत्र्याचं पाणी कुठं पडतं? उसाला पाट आहे की ठिबक? भिंतीबाहेर चारी बाजूंनी पाणी-उतार, म्हणजे बाहेर ढाळ असलेली पक्की पट्टी, आहे का?

चिकोडी_रोडची_ताई

काका, पत्र्याचा उतार उसाकडं आहे. पन्हळ नाही, पाणी सरळ भिंतीच्या बुडाशी पडतं. तिथं जमिनीत नालीच पडलीय. उसाला पाट आहे आणि तो भिंतीपासून चार फुटांवर. बाहेर पाणी-उतार नाही, मातीच आहे. ओळंबा काल मामांनी स्वतः धरला, भिंत सरळ आहे. दांड्यानं ठोकून बघितलं, उसाच्या विरुद्ध बाजूला भिंतीलगत हातभर पट्टा पोकळ वाजतो. रॉकेल आता रेशनवर कुठलं, ती परीक्षा लॅबमध्येच करून घेते.

पाण्याचं काम झाल्यावर फरशी कशी करायची, माप घालून सांगाल का? कंत्राटदारापुढं बोलताना हातात आकडे हवेत.

जुना_कालवेवाला

पन्हळ नाही, पाट चार फुटांवर. मग काय, दोन्हीकडून पाहुणचार चाललाय मातीचा.

पन्हळ लावा, पाइपनं पाणी शेडपासून लांब, उताराकडं सोडा. पाट शेताच्या पलीकडच्या अंगाला न्या, किंवा शेडपुरत्या लांबीत पाइप पुरा. पाट हलवता येत नसेल तर भिंतीपासून तीन फूट सोडून चार फूट खोल चर खणा, त्यात जाड प्लास्टिकचा कागद उभा धरून चर पुन्हा दाबून भरा. पाझर अडतो. पायाला चिकटून मात्र हा चर खणायचा नाही.

मग भिंतीबाहेर चारी बाजूंनी मीटरभर रुंद पाणी-उतार. खाली मुरूम दाबून, वर काँक्रीट, ढाळ बाहेरच्या बाजूला. भिंत आणि पाणी-उतार यांच्यामधली फट सिमेंटनं भरू नका, डांबरी मसाल्यानं भरा, म्हणजे हललं तरी तुटत नाही. तुमच्या भिंतीचा तडा यानंच निम्मा शांत होईल असा माझा अंदाज आहे. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा खुणा मोजून बघा.

फरशीचं काम संक्रांतीच्या आसपास धरा. मे महिन्यात माती वाळून पार आकसलेली असते, तेव्हा केलंत तर पहिल्या पावसात ती सगळा हिशेब चुकता करते. आणि पावसाळ्यात चिखलात कुणी काम करत नाही.

जुनी फरशी फोडा. वरच्या पातळीपासून तीन फूट खाली जा. तुमचं जोतं एक फूट वर आहे, म्हणजे जमिनीखाली दोन फूट. पाया अडीच फुटांवर आहे, म्हणजे पायाच्या तळापेक्षा अर्धा फूट वर थांबायचं. याच्या खाली कंत्राटदाराला जाऊ देऊ नका. जेसीबी आत घालतो म्हणाला तर हाकलून द्या, आतून पाया उघडा पडला तर भिंतीचा आजचा तडा बरा होता म्हणायची वेळ येईल. भिंतीलगत माती सरळ न कापता ढाळ ठेवून कापा.

काढलेली काळी माती रानात पसरा, तिथं ती सोनं आहे.

खाली दोन फूट मुरूम. नुसता खडखडीत नको, मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे आणि हाताला पाणी सुटलं नाही पाहिजे. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर प्लेट मशीननं दाबून मग पुढचा. दोन फूट एकदम ओतून वर पाण्याचा पाइप सोडतात, ती पद्धत तुमच्याकडं चालणार नाही. पाणी खाली काळ्या मातीतच जाणार ना? दाबून ४३० घनफूट भरतं, म्हणून सुटा मुरूम साडेपाच-सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागेल. ट्रॉलीवाल्याचा ब्रास आणि पुस्तकातला ब्रास यांची गाठ कधी पडत नाही, ट्रॉली टेपनं मोजून घ्या.

त्यावर सहा इंच दगडी सोलिंग, म्हणजे हातानं रचून बसवलेले दगड, फटीत बारीक खडी आणि मुरूम. वर जाड प्लास्टिक अंथरा. मग पाच इंच एम-२० काँक्रीट, म्हणजे एकास दीडास तीन. सिमेंट २०-२१ पोती. सळई ८ मिलिमीटरची, दोन्हीकडून आठ-आठ इंचांवर, आणि ती वरच्या तिसऱ्या भागात राहिली पाहिजे. खाली विटेचे किंवा काँक्रीटचे तुकडे लावून उचला. ओतताना गडी सळईवर नाचतात आणि ती तळाला जाऊन बसते, तिथं ती असून नसल्यासारखी.

भिंत आणि फरशी यांच्यामध्ये अर्धा इंच थर्मोकोल चारी बाजूंनी. फरशी भिंतीपासून सुटी पाहिजे. ती वर गेली तर एकटी जाऊ दे, भिंतीला घेऊन नको. दुसऱ्या दिवशी कटरनं अधिकाच्या चिन्हासारखे दोन काप, सव्वा इंच खोल, म्हणजे नऊ बाय सहाचे चार तुकडे होतात. फुटायचंच असेल तर त्या रेषेत फुटेल आणि दिसणार नाही. थर्मोकोलचा वरचा भाग काढून तिथं आणि कापांत पॉलियुरेथेन सीलंट भरा. तो रबरासारखा ताणतो.

पाणी मारताना आळी करून तळं साठवू नका, तुमच्या मातीत तो विस्तव आहे. ओली पोती टाका आणि ती ओली ठेवा. हल्ली मिळतं ते सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, त्याला दहा दिवस तरी ओल पाहिजे. कंत्राटदार तिसऱ्या दिवशी पोती उचलायला येतो, कारण त्याला ती दुसऱ्या साइटवर हवी असतात.

खानापूरवाला_चिरेखाण

मी चिऱ्याच्या मुलखातला, काळ्या मातीशी आपला संबंध नाही. पण मेव्हण्याचं घर बैलहोंगलला आहे, तिथं काळीच. त्यानं शेडमध्ये काँक्रीट केलंच नाही. मुरूम दाबून वर पेव्हर ब्लॉक बसवले. फुगवटा आला की तेवढे ब्लॉक उचलायचे, खालचं सारखं करायचं, परत बसवायचे. त्याचा ट्रॅक्टर उभा असतो त्यावर. ताई, खर्चाचा प्रश्न असेल तर हे बघा. ऑइलचे डाग मात्र जात नाहीत, बायको रोज बोलते त्याला.

जुना_कालवेवाला

खानापूरवाले, हे मला आधी सुचायला हवं होतं असं म्हणणार नाही, कारण मला पेव्हर आवडत नाहीत. पण ताईंच्या मातीला ते योग्य आहे हे खरं. जड वाहनाचे ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक घ्या, ६० चे नकोत. कडेला काँक्रीटची पक्की किनार पाहिजे, नाहीतर ब्लॉक सरकतात. ब्लॉकखाली वाळूचा थर असतो तो इंचभरच आणि वर छप्पर आहे म्हणून चालतो. पण गाडी आत धुवायची नाही. खालचा दोन फूट मुरूम आणि बाहेरचा पाणी-उतार इथंही सुटत नाही. वाचतं ते सळई आणि सिमेंट.

पायाचं एकच सांगतो. खुणा एकाच दिशेनं वाढत राहिल्या तरच त्या कोपऱ्याखाली पाया मुरमापर्यंत न्यायचा. तो तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक, आणि इंजिनिअर उभा राहून. पुढं कधी नवीन घर बांधलंत तर रुरकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेनं) काढलेले तळाला फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, आहेत, ते किमान साडेतीन मीटर खोल जातात, म्हणजे ऋतूप्रमाणं हलणाऱ्या थराच्या खाली. शेडसाठी तो खर्च करू नका.

चिकोडी_रोडची_ताई

खूप मदत झाली. पन्हळवाला उद्या येतोय. पाटाचं शेजारच्या भाऊजींशी बोलावं लागेल, पाणी दोघांचं आहे. निलगिरी मात्र मामांनी स्वतः लावलेली, तोडायला ते तयार नव्हते. हे सगळं वाचून दाखवल्यावर म्हणाले, "तोडू, पण फरशी झाल्यावर." चालेल का तसं?

जुना_कालवेवाला

नाही चालणार. उलट करा. झाड गेलं की त्यानं सुकवलेली माती पुन्हा पाणी प्यायला लागते आणि तो कोपरा हळूहळू वर येतो. काही पावसाळे हे चालू शकतं. फरशी आधी केलीत तर नवी फरशीच त्या उचलीत सापडेल. आत्ता तोडा, बुंध्याला फुटवे येऊ देऊ नका, भिंतीवरच्या खुणा मोजत राहा आणि अंतर स्थिर झालं की मुरूम मागवा. मामांना सांगा, लाकूड विकून पाणी-उताराचा थोडा खर्च निघतो. आणि खुणा पेन्सिलीनंच करा, खडूनं केल्या तर पोरं पुसतात.